सायन्सच्या डिग्रीनंतर मेडिकलला जाताय? ब्रिज कोर्सचा सविस्तर रिव्ह्यू

डिग्री झाली, मेडिकलला अॅडमिशनही झाली, आता मधल्या काळात काय करू, हे मला ज्युनियर मुलंमुली इतक्या वेळा विचारतात की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकू. मी मेडिकल सुरू व्हायच्या आधी एक ब्रिज कोर्स केला होता, खास सायन्स ग्रॅज्युएट लोकांसाठीचा, काही आठवड्यांचा, अर्धा ऑनलाइन आणि अर्धा प्रत्यक्ष. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर वेगळा झाला असता, कारण तेव्हा जे सेशन आवडले ते नंतर फारसे कामाला आले नाहीत आणि जे कंटाळवाणे वाटले त्यांच्यावर आज वॉर्डात माझं चालतंय. कोर्सचं नाव देत नाही, कारण असे कोर्स आता बरेच निघालेत आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच असतो, तेव्हा तुम्ही कुठलाही घेणार असाल तरी हे वाचून उपयोग होईल.

आधी एक क्लिअर करते. आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस असा रस्ता, त्यामुळे बऱ्याच जणांना हे प्रकरणच नवीन वाटेल. पण अमेरिका आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी आधी डिग्री आणि मग मेडिकल असंच आहे, आणि ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात डिग्रीवाल्यांसाठी वेगळी ग्रॅज्युएट एंट्री असते. म्हणजे बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, अगदी फिजिक्स शिकून आलेली माणसं एका बाकावर येऊन बसतात, आणि सगळ्यांना आतून एकच भीती असते की आपलं बाकीच्यांपेक्षा काहीतरी राहिलंय.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. कोर्स घ्या, पण त्यातला जो भाग तुम्हाला पुन्हा सायन्सच शिकवतो तो सोडून दिलात तरी चालेल. डिग्रीने आपल्याला 'हे असं का होतं' हे विचारायला शिकवलेलं असतं आणि ते चांगलंच शिकवलेलं असतं. मेडिकलमध्ये त्याच्या पुढचा प्रश्न येतो, समोर हा माणूस आहे, आता काय करायचं. या दोन प्रश्नांच्या मधे जे अंतर आहे तेवढंच ब्रिज कोर्सने भरून काढावं अशी माझी अपेक्षा होती, आणि जिथे जिथे त्याने ते केलं तिथे तो कोर्स खरंच अप्रतिम आहे.

सगळ्यात भारी म्हणजे केस सेशन. छोटा ग्रुप, एक ट्यूटर, हातात एक कागद. अशा पद्धतीने शिकवणं काही नवं नाही, कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने १९६९ पासून अख्खं मेडिकल कॉलेजच अशा प्रॉब्लेमवर चालवायला घेतलं आणि मग ते जगभर गेलं. आमच्या पहिल्या कागदावर होतं की एक तरुण मुलगी, दोन दिवस उलट्या, खूप तहान, श्वास खोल आणि जोरात चाललाय. खाली रिपोर्ट. पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर २५, बायकार्बोनेट ११, सोडियम १३८, क्लोराइड १००, पोटॅशियम ५.२, ग्लुकोज ४८०. आता आमच्या ग्रुपमध्ये सगळे सायन्सवाले, लगेच एकाने पीएच, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांना जोडणारं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण मांडलं आणि आकडे बरोबर बसतात म्हणून दाखवलं, दुसरीने १३८ मधून १०० आणि ११ वजा करून अॅनायन गॅप २७ काढला, म्हणजे रक्तात कुठलंतरी जास्तीचं अॅसिड साठलंय, तिसऱ्याने फॅटी अॅसिडपासून कीटोन बॉडीज कशा बनतात त्याच्या अख्ख्या पायऱ्या सांगितल्या. ट्यूटर शांतपणे ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "छान. सगळं बरोबर आहे. आता ती मुलगी तुमच्यासमोर झोपलीये, पहिल्या दहा मिनिटांत काय करणार?" आणि कुणीच काही बोलेना.

मग त्यांनी एकेक करून काढून घेतलं आमच्याकडून. हा डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, म्हणजे डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोनचं अॅसिड साठणं. शरीरातलं पाणी गेलंय म्हणजे आधी सलाइन. इन्सुलिन द्यायचंच आहे, पण त्याआधी पोटॅशियम बघायचं. का? रिपोर्टमध्ये तर ५.२ आहे, उलट जरा जास्तच दिसतंय. इथे मला इतका आनंद झाला कारण उत्तर आम्हाला डिग्रीपासूनच माहीत होतं. इन्सुलिन पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवतं आणि पोटॅशियम पेशीच्या आत जातं. या मुलीचं पोटॅशियम लघवीवाटे आणि उलटीवाटे भरपूर गेलंय, रक्तात दिसतंय ते पेशींमधून बाहेर आलेलं, म्हणजे इन्सुलिन दिलं की ते झपाट्याने खाली येणार आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हा पंप आम्ही सगळ्यांनी परीक्षेत आकृतीसकट लिहिलेला होता, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, पण त्याच्यावरून एखाद्या पेशंटला इन्सुलिन आत्ता द्यायचं की थांबायचं हे ठरतं असं कुणी कधी दाखवलंच नव्हतं. अशी सेशन कोर्सभर होती आणि प्रत्येकात हेच, तुमचंच ज्ञान घेऊन त्याला निर्णयापर्यंत न्यायचं. यासाठी पूर्ण मार्क.

एक सेशन तर असं होतं की त्याने माझी विचार करायची पद्धतच बदलली. आम्हा सायन्सवाल्यांचा मेकॅनिझमवर फार विश्वास. मेकॅनिझम पटला की औषध चालणारच, असं डोक्यात बसलेलं असतं. तर त्या दिवशी विचारलं, हार्ट अटॅकनंतर काही पेशंटना मधेच जादाचे ठोके पडतात, ज्यांना असे ठोके जास्त ते दगावण्याची शक्यताही जास्त, आणि हे ठोके दाबणारी औषधं आपल्याकडे आहेत, द्यायची का? सगळ्यांनी हो म्हटलं. मग कास्ट नावाची ट्रायल, म्हणजे औषध पेशंटवर तपासणारा अभ्यास, उघडली, १९८९ ला तिचे निष्कर्ष आले होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके मस्त दाबत होती, पण ती घेणारे पेशंट प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले आणि ट्रायलचा तो भाग मधेच थांबवावा लागला. ईसीजी सुधारला, माणूस नाही. मला वाटतं सायन्सकडून मेडिकलला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे दाखवायलाच पाहिजे, कारण आपण जितके हुशार तितका आपला सुंदर मेकॅनिझमवर विश्वास बसतो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

स्टॅटिस्टिक्सचं सेशनही याच वाटेने गेलं. पी व्हॅल्यू, टी टेस्ट हे आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे सगळे जरा निवांत बसलेले. त्यांनी साधं गणित दिलं. हजार माणसं, त्यातल्या १० जणांना आजार आहे. टेस्टची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजारी लोकांना पकडण्याचं प्रमाण, ९० टक्के, स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी लोकांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण, पण ९० टक्के. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता किती? निम्म्या वर्गाने ९० सांगितलं. मांडून बघा, १० पैकी ९ पकडले जाणार, पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांची पण टेस्ट पॉझिटिव्ह येणार, म्हणजे १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी फक्त ९, साडेआठ टक्क्यांच्या आतच. आणि मग लगेच पुढचं काम, हे त्या घाबरलेल्या माणसाला दोन वाक्यांत समजावून सांगा, टक्केवारी न वापरता. गणित सगळ्यांना जमलं, समजावणं फार थोड्यांना.

तिथून येते पेशंटशी बोलण्याच्या भागाकडे, हाच तो भाग जो मला तेव्हा वेळ घालवल्यासारखा वाटत होता. सिम्युलेटेड पेशंट म्हणजे पेशंटची भूमिका करायला शिकवलेली माणसं, ही कल्पना हॉवर्ड बॅरोज या न्यूरोलॉजिस्टने १९६३ मध्ये आणली. आमच्याकडे एक काका होते, बीपी वाढलंय, औषध चालू असूनही खाली येत नाही, इतकीच माहिती. माझ्या पार्टनरने यादी केल्यासारखे प्रश्न विचारले, मीठ किती खाता, सिगरेट ओढता का, गोळ्या वेळेवर घेता का, अजून कुठली औषधं चालू आहेत का. काका म्हणाले नाही. संपलं. मग फॅसिलिटेटरने आम्हाला थांबवलं आणि म्हणाल्या आता एकच करा, 'तुमचा दिवस कसा जातो सांगा' एवढं विचारा आणि गप्प बसा. काका बोलायला लागले, सकाळी उठलो की गुडघे धरलेले असतात, मग दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेतो, दुपारी परत एक, त्याशिवाय चालताच येत नाही. ही गोळी त्यांच्या हिशोबात औषधात धरलेलीच नव्हती! आणि तीच तर गोम होती, अशा गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं अडवतात, किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायचं काम ही रसायनंच करतात, ते थांबलं की मीठ-पाणी शरीरात साठतं, बीपी वाढतं आणि बीपीच्या काही औषधांचा असरही कमी होतो. सगळी फिजिओलॉजी आम्हाला येत होती, पण काकांना बोलू दिलं नसतं तर ती डोक्यातच राहिली असती.

त्यांनी तेव्हा एक जुना अभ्यासही सांगितला होता, बेकमन आणि फ्रँकेल यांचा १९८४ चा, की पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलतो. मी आता वॉर्डात उभी असते तेव्हा हा आकडा मनात असतोच, आणि खरं सांगते, शांत राहणं हे मला व्हायवापेक्षा अवघड जातं. लॅबमधून आलेल्या माणसाला याची सवयच नसते, आपला सॅम्पल कधी लाजत नाही, विसरत नाही, घाबरून खोटं बोलत नाही. म्हणून म्हणते, तुम्ही जो कोर्स बघताय त्यात हा भाग फक्त व्हिडिओवर उरकत असतील तर त्याचा अर्धा जीव गेला असं समजा.

आता अभ्यास कसा करायचा हा भाग. डिग्रीला आपण थोडे विषय खोल वाचतो, कन्सेप्ट कळला की पेपर निघतो. मेडिकलमध्ये कन्सेप्ट अवघड नसतात हो, संख्या प्रचंड असते, आणि सगळं वर्षादोनवर्षांनी पेशंटसमोर परत आठवावं लागतं. कोर्सने पहिल्याच दिवशी अँकी टाकायला लावलं, डेमियन एल्म्सने २००६ मध्ये काढलेलं फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आहे, विसरायच्या बेताला कार्ड परत समोर आणतं. यामागचं तत्त्व जुनं, एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच विसरण्याचा आलेख मांडला होता. आणि रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग तर आम्हाला वर्गात करूनच दाखवला, एका गटाने उतारा परत परत वाचायचा, दुसऱ्याने वाचून पुस्तक मिटून आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे, आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे. हायलायटर घेऊन बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो धक्काच होता.

पण अँकी टाका म्हणणं सोपं, कार्ड कसं बनवायचं हे इथे खरंच नीट शिकवलं. उदाहरण देते. माझं पहिलं कार्ड होतं, 'ब्रेकियल प्लेक्ससच्या (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या) शाखा लिहा.' मेंटॉरने ते बघून सांगितलं की हा परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न झाला, कार्ड नाही. मग ते फोडलं. दंडाच्या हाडाला मधोमध फ्रॅक्चर, पेशंटला मनगट वर उचलता येत नाही, कुठली नर्व्ह? रेडियल. ती तिथेच का सापडते? कारण हाडामागच्या खोबणीतून चिकटून जाते. दुसरं कार्ड, प्लेक्ससची मुळं कुठून कुठपर्यंत? मानेतल्या सी फाइव्हपासून छातीच्या टी वनपर्यंतच्या नर्व्ह. बास. एका कार्डात एकच गोष्ट आणि शक्यतो त्यात एक माणूस. आयत्या हजारो कार्डांचे संच मिळतात आणि बरेच जण त्यावरच चालतात, चालू दे, पण सुरुवातीची थोडी तरी स्वतः बनवा, बनवतानाच अर्धं पाठ होतं.

आता जे आवडलं नाही ते. बायोकेमिस्ट्रीची लेक्चरं. क्रेब्ज सायकल, ग्लायकोलिसिस, एन्झाइम कायनेटिक्स, तेच सगळं, डिग्रीला जसं शिकवतात तसंच्या तसं, फक्त वेग दुप्पट. बायोकेमिस्ट्रीवाल्यांना झोप, फिजिक्सवाल्यांच्या डोक्यावरून. तोच वेळ दोन वेगळे गट करून वापरता आला असता, ज्याला जे कच्चं आहे ते. फीडबॅकमध्ये मी हे स्पष्ट लिहिलं होतं, पुढच्या बॅचच्या वेळापत्रकात काही बदललेलं दिसलं नाही.

अॅनाटॉमी त्याहून वाईट. हातापायापासून पोटापर्यंत सगळं पळवत नेलं, स्लाइडमागून स्लाइड, नावंच नावं. कॉलेज सुरू झाल्यावर त्यातलं मला काहीही आठवत नव्हतं आणि तसंही सगळं परत पहिल्यापासून शिकवतातच. एवढी घाई कशाला हे मला आजही कळत नाही. ज्यांना अॅनाटॉमीची भीती वाटते ते लोक याच भागासाठी फी भरतात आणि याच भागाने आणखी घाबरून जातात, हे बघून वाईट वाटायचं.

त्यात एकच दिवस वेगळा होता, डिसेक्शन हॉलचा. आत नेण्याआधी देहदान म्हणजे काय, तो माणूस स्वतः मनाने ठरवून इथे आलाय, त्याच्याबद्दल कसं बोलायचं, फोन बाहेर का ठेवायचा, हे सगळं सावकाश सांगितलं. ज्याला त्रास होईल त्याने बाहेर जाऊन यावं, कुणी काही म्हणणार नाही, हेही. आणि मग एक साधी गोष्ट करून दाखवली, तुम्हीही आत्ता करा, अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट जरा आत वाकवा, मनगटाच्या मधोमध एक बारीक दोर वर येतो तो पाल्मारिस लाँगस या स्नायूचा. काहींना येतच नाही, काहींना एकाच हातात. आमच्या टेबलावर दोघींना नव्हता. पुस्तकातलं चित्र म्हणजे एक सरासरी माणूस आणि समोरचा माणूस त्याच्याशी जुळेलच असं नाही, हे त्या एका मिनिटात जेवढं कळलं तेवढं त्या सगळ्या स्लाइडनी मिळून कळलं नाही.

मनाच्या तयारीबद्दलही दोन शब्द. डिग्रीला पहिली येणारी माणसं मेडिकलला आली की एकदम मधल्या रांगेत जातात, कारण सगळेच तसेच आलेले असतात. हा धक्का फार जणांना आतून मोडतो आणि कुणी बोलत नाही. कोर्समध्ये 'वेलनेस' नावाचं एक सेशन होतं, झोप घ्या, व्यायाम करा, दीर्घ श्वास घ्या, संपलं. पण दुसऱ्याच एका दिवशी सीनियर लोक गप्पा मारायला आले, त्यातल्या एका दादाने आपली पहिल्या टर्मची मार्कलिस्टच स्क्रीनवर लावली, एका विषयात नापास, आणि मग त्यानंतर काय केलं, कुणाशी बोलला, टाइमटेबल कसं बदललं, सगळं सांगितलं. तो तास वेळापत्रकात नव्हताच, कुणाला तरी सुचलं म्हणून झाला. कोर्स चालवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगते, वेलनेसची स्लाइड काढून टाका आणि तिथे सीनियर आणा.

बाकी बारीकसारीक. मेंटॉर नशिबाने मिळतो, माझी चांगली होती, मैत्रिणीचा मेंटॉर मेसेजला आठवड्याने उत्तर द्यायचा. ऑनलाइन रेकॉर्डिंग कोर्स संपल्यावर थोड्याच दिवसांत बंद होतात, तेव्हा केस सेशनच्या नोट्स त्याच दिवशी काढून ठेवा. ऑनलाइन भागाचं अॅप ठीकठाक आहे, अडत नाही.

तुम्ही बायोलॉजीशी संबंधित डिग्रीवाले असाल तर लेक्चरं बिनधास्त सोडा आणि केस, पेशंट आणि डिसेक्शन हॉल यातलं एकही चुकवू नका. फिजिक्स, गणित, इंजिनियरिंगकडून येत असाल तर आधी एखादं साधं फिजिओलॉजीचं पुस्तक हृदय, फुप्फुस आणि किडनीपुरतं शांतपणे वाचून मग कोर्सला बसा, नाहीतर केस सेशनमध्ये बाकीचे बोलतील आणि तुम्ही ऐकत राहाल. आणि पैसे भरायच्या आधी कोर्सवाल्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा, केस सेशनला एका ग्रुपमध्ये किती जण असतात, पेशंटची भूमिका करायला खरी माणसं येतात का, आणि माझं बोलणं झाल्यावर मला समोरासमोर फीडबॅक कोण देणार. आमच्या ग्रुपमध्ये आठ जण होते, तेवढे ठीक. वीस-पंचवीस सांगितले तर दुसरीकडे बघा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, दीड स्टार अॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीच्या लेक्चरांनी घालवला. कुणाला नक्की कुठलं सेशन घ्यावं असा प्रश्न असेल तर खाली तुमची डिग्री लिहून विचारा, मी उत्तर देते.